सात अंशांवरचं अळू

माणसाने मूर्ख असावं, माझी हरकत नाही. पण मूर्खपणाचा तक्ता करून तो चार रंगांत छापू नये आणि फ्रिजला लावू नये. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या सुरेशने नेमकं तेच केलं.

शारजात रोला चौकाच्या मागे आमची जुनी इमारत. सहाव्या मजल्यावर एका बाजूला मी आणि माझी मरियमबी, समोर सुरेश, त्याची बायको सुहासिनी आणि मुलगी शुभ्रा. सुरेश पुण्याचा. दुबईतल्या कंपनीत प्रोक्युअरमेंट बघतो, म्हणजे दुसऱ्यांनी काय विकत घ्यावं ते ठरवतो, आणि जाता-येता तीन तास ट्रॅफिकमध्ये बसून व्हिडिओ ऐकतो. त्या तीन तासांनीच घात केला. उभ्या गाडीत बसलेला माणूस फार लवकर विद्वान होतो.

गेल्या वर्षी त्याला कॅनडाचं पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळाली. शहराचं नाव सास्काटून. हे नाव घेताना तो ओठ असे करायचा जणू तोंडात गरम बटाटा आहे. तिथे हिवाळ्यात उणे तीस होतं म्हणे, आणि हे तो अभिमानाने सांगायचा, जणू त्याच्या आजोबांनीच ती थंडी बसवून दिली होती. इथे आपलं काही नाही चाचा, माती पण आपली नाही, पोत्यातून विकत आणावी लागते, असं त्याचं म्हणणं. सुहासिनी एकदाच म्हणाली की तिथली माती तरी कुठे तुझ्या नावावर आहे. त्यावर त्याने तिला एक व्हिडिओ पाठवला.

डिसेंबर लागला तशी त्याने तालीम सुरू केली. थंड हवेत कुंड्यांमधली बाग कशी जगवावी याचे त्याने शंभरेक व्हिडिओ बघितले होते. आता सांगायची गोष्ट अशी, की आमच्याकडे डिसेंबर म्हणजे दुपारी चोवीस अंश आणि बायका समुद्रावर शेंगा खात बसलेल्या. सुरेशने बाल्कनीतल्या कुंड्यांना बबल रॅप गुंडाळला, वरून पांढरी गोधडी, आणि मुळांना ऊब म्हणून खाली थर्माकोल. शुभ्रा दारातून म्हणाली, "डॅड, इट्स ट्वेंटी-फोर डिग्रीज." तो म्हणाला, प्रॅक्टिस. आठ दिवसांत मिरची आतल्या आत उकडून निघाली. कढीपत्त्याने पानं टाकली. त्याने तक्त्यात लिहिलं, 'ट्रान्सप्लांट शॉक'. मी म्हटलं, अरे, याला आमच्यात वाफवणं म्हणतात.

एवढ्या सगळ्यात एकच बादली तग धरून होती. रंगाची जुनी पांढरी बादली, आणि तिच्यात सुहासिनीचं अळू.

हे अळू चिपळूणजवळचं, तिच्या आईच्या परसातलं, कपडे धुवायच्या दगडामागचं. चौदा वर्षांपूर्वी ओल्या पंच्यात गुंडाळून, प्रेशर कुकरच्या पोटात दडवून तिने ते इथे आणलं. घशाला अजिबात न खाजणारं. त्याचं फतफतं ती करायची तेव्हा वास लिफ्टपर्यंत यायचा आणि मरियमबी काही ना काही निमित्त काढून वाटी घेऊन जायची. ते परसू आता नाही. महामार्ग रुंद करायला घेतला, रस्ता अजून झालेला नाही पण परसू मात्र ताबडतोब गेलं. तेव्हा ती बादली म्हणजे त्या घरातलं जे उरलं ते.

सुरेशने बादली आतल्या खोलीत नेली आणि एसी सोळावर लावला. वर एक जांभळा दिवा टांगला, नव्वद दिरहमचा, म्हणजे बावीसशे रुपये, हे त्याने मला दोनदा सांगितलं. अळूने काय करावं? एक नवं पान काढलं, पापडाएवढं. सुरेशने इमारतभर फोटो फिरवला. ॲडॅप्ट होतंय चाचा, म्हणाला. मी म्हटलं, हबीबी, सोळा अंशांत माझी सासूपण ॲडॅप्ट होते.

आता मला या बाबतीत बोलायचा हक्क आहे. मी अहमद, रत्नागिरीकडचा, एकतीस वर्षं दुबईत रास अल खोरच्या घाऊक भाजीबाजारात कोल्ड स्टोअर सांभाळलं. थंडी मी पगारावर खाल्ली आहे. आमच्याकडे शून्याखाली अठराच्या खोलीत एक पठाण होता, मिशी अशी की दोन्ही टोकांना लिंबू ठेवावं. एकदा तो आत चौदा मिनिटं जास्त राहिला, बाहेर येऊन हसला आणि डावी मिशी बिस्किटासारखी मोडून पडली. उरलेल्या अर्ध्या मिशीने त्याने पेशावरला जाऊन लग्न केलं. बायकोला तो कायम उजव्या बाजूनेच भेटला. मरियमबी म्हणते हे खोटं आहे. ती तेव्हा रत्नागिरीत होती, तिला काय माहीत.

तर ही मिशीची गोष्ट मी एका शुक्रवारी सुरेशच्या घरी जेवताना सांगत होतो. सुरेश जॅकेट घालून जेवत होता. मॉलमधल्या कृत्रिम बर्फात जाण्यासाठी घेतलेलं लाल जॅकेट, सवय व्हावी म्हणून. जानेवारीत शाळेला नोटीस द्यायची, मार्चमध्ये सामान पाठवायचं, असं त्याने जाहीर केलं. शाळेला म्हणजे सुहासिनीच्या. ती अकरा वर्षं इथल्या शाळेत गणित शिकवते. नोटीस तिची, जाहीर हा करतोय.

सुहासिनीने आमटीचा डाव खाली ठेवला. आवाज चढवला नाही.

"एकदा मी सगळं उपटून इथे आणलंय, सुरेश. इथे रुजायला मला सहा वर्षं लागली. आता पुन्हा नाही."

तो म्हणाला की झाडंसुद्धा जगतात, माणसाचं काय घेऊन बसलीस. ते अळू बघ.

"बरं," ती म्हणाली. "मग अळूवरच ठरवू. तुझ्या त्या थंडीत माझं अळू जगलं तर मी येते, तोंडातून शब्द काढणार नाही. मेलं तर विषय खलास. पुन्हा कधी काढायचा नाही."

"डन," सुरेश म्हणाला. "चाचा, खाला, तुम्ही साक्षीदार."

"आणि एसीची थंडी चालणार नाही. खरी पाहिजे."

यावर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडात तेव्हा पठाणाची उजवी मिशी होती, ती मी गिळली.

सुरेशला बादली उणे अठरात ठेवायची होती. म्हटलं, तिथे जाऊन तू कुंडी काय रस्त्यावर ठेवणार आहेस? त्याने तक्ता बघितला. हिवाळ्यात कुंड्या गॅरेजमध्ये ठेवतात, तिथे चार ते आठ अंश असतं. मग सात, मी म्हटलं. तीन नंबरची खोली. किती दिवस, तर चाळीस. मुदत मीच सांगितली. घरी आल्यावर मरियमबी म्हणाली, चाळीस दिवस मयताचे असतात. मी तिला गप्प बस म्हटलं. तिने काही ऐकलं नाही.

कोल्ड स्टोअर आता रफिक सांभाळतो. माझ्या हाताखाली शिकलेला मालवणचा माणूस, हसताना आवाज न करणारा. सुरेशने बादलीला लेबल लावलं, तारीख, वेळ, मातीचा ओलावा. थर्मामीटर टांगायला उंची कमी पडत होती म्हणून तो अरवीच्या पोत्यावर चढला. बादलीसुद्धा त्याने दुसऱ्या एका अरवीच्या पोत्यावरच ठेवली, जमिनीचा गारठा लागू नये म्हणून. रफिकने माझ्याकडे बघितलं. मी रफिककडे बघितलं. दोघांनी मिळून छताकडे बघितलं.

कारण तीन नंबरच्या खोलीत सात अंश कशासाठी ठेवतात? बटाट्यासाठी आणि अरवीसाठी. आणि अरवी म्हणजे काय? अळूचा कांदा. आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा अळकुडी म्हणून उकडून, मीठ लावून खातं. सुरेश पंचेचाळीस वर्षांचा झाला, सुपरमार्केटात एका ट्रेमधून अरवी उचलतोय आणि दुसऱ्या शेल्फवरून अळूची जुडी, आणि या दोघांचं एकमेकांशी नातं असेल हे त्याच्या ध्यानात आलेलं नाही. जातीत थोडा फरक असतो, मान्य, कुणाची पानं चांगली, कुणाचे कांदे. पण खोलीत रफिकची चार टन अळकुडी महिनोन् महिने झोपून राहते आणि बाहेर आणून ऊब, पाणी दिलं की डोळे फुटतात. हे आम्ही दोघांनी त्याला सांगितलं नाही. त्याने विचारलं असतं तर सांगितलं असतं. तो आम्हाला आर्द्रतेबद्दल सांगत होता.

आठव्या दिवशी पानं पिवळी पडली. पंधराव्या दिवशी देठ वाकले. सुरेश दर शनिवारी लाल जॅकेट घालून यायचा आणि वहीत लिहायचा. हमाल त्याला 'कॅनडा' म्हणू लागले. यल्ला कॅनडा, बाजूला हो, गाडा येतोय. पहिल्या शनिवारी तो शिट्टी वाजवत आला होता. तिसऱ्या शनिवारी रफिकने मला फोन करून बोलावलं. जाऊन बघतो तर सुरेश बादलीसमोर उकिडवा बसून तिला रबराची गरम पाण्याची पिशवी बांधत होता. पाठदुखीची, निळी.

मला बघून तो उठला नाही. म्हणाला, कॅनडात गॅरेजला हीटर लावतात काही लोक, ते चालतं. मी पिशवी सोडली आणि त्याच्या हातात दिली. ती अजून गरम होती. एखाद्याची फजिती करायची तर तो उभा असताना करावी.

त्याच्या बाजूचंही सांगायला हवं. ऑफिसात त्याच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान माणूस त्याच्या डोक्यावर आणून बसवला होता. त्या माणसाला सुरेशने कॉफी मशीन कसं चालवायचं ते शिकवलं होतं. म्हणून हे सास्काटून. पण मग तसं सांग ना घरात. तक्ते कशाला करतोस?

चाळिसाव्या दिवशी बादलीत काही उरलं नव्हतं. वर कोरडी माती आणि तिच्यावर तपकिरी कातडं चिकटलेलं. सुरेशने एक देठ ओढला, तो हातात आला, वास घेतला आणि टाकला. वहीत त्याने शेवटची ओळ लिहिली ती मी वाचली. 'मृत. प्रयोग समाप्त.' अक्षर नेहमीसारखंच सरळ होतं.

शारजाला परत येताना ट्रॅफिक नेहमीचा. त्याने व्हिडिओ लावला नाही. बादली डिकीत. इमारतीखाली आल्यावर तो कचऱ्याच्या पेटीकडे वळला, तेव्हा मी म्हटलं, बादली चांगली आहे, दे इकडे, मरियमबीला लागेल. त्याने दिली. चाचा, मला नाही बघवत, म्हणाला, आणि जिन्याने वर गेला, सहा मजले.

संध्याकाळी सुहासिनी आमच्या स्वयंपाकघरात आली. ओढणी खोचली, बादलीजवळ बसली आणि कोपरापर्यंत हात मातीत घातला. एक कांदा काढला, अंगठ्याने दाबला. दुसरा काढला, तोही दाबला. दगडासारखे. अकरा निघाले. तिने ते मरियमबीच्या परातीत ओळीने मांडले, गणिताच्या बाईने मांडावेत तसे.

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"विहीर आटली की आमच्या परसातलं दर मे महिन्यात असंच व्हायचं. आई म्हणायची, निजलंय, हात लावू नका."

"आणि चौदा वर्षांत तू हे सुरेशला सांगितलं नाहीस?"

"तो विचारत नाही, चाचा. तो सांगतो."

मी एकतीस वर्षं कोल्ड स्टोअरमध्ये आणि त्याहून जास्त वर्षं थापांच्या धंद्यात काढली, पण इतकी सरळ उभी राहून मारलेली थाप मी बघितली नव्हती. एकही शब्द खोटा नाही. अळू मेलं तर म्हणाली, आणि मेलं की नाही ते बघायचं काम त्याच्यावर सोपवलं. माझ्या पठाणाची उरलेली मिशी शरमेने गळाली असती.

मग ती माझ्याकडे वळली. डोळ्यात पाणीबिणी काही नव्हतं.

"चाचा, आयुष्यभर थापा मारल्यात. आता एकदा गप्प बसा. माझ्यासाठी."

मी म्हटलं, पोरी, दुसरं काहीही माग. मरियमबीने चुलीकडूनच मत दिलं की हा गप्प बसला तर शेजारी कफन घेऊन येतील.

विनोद सोडा, मला ते जड गेलं. त्या पोराने मला साक्षीदार केलं होतं. मूर्ख असला तरी शब्द दिला होता आणि माझ्यासमोर दिला होता. आणि ही पोर अकरा वर्षांची शाळा एका परातीत मांडून माझ्यासमोर बसली होती. कुणाच्या बाजूने गप्प बसायचं? गप्प बसणं ही काही माझ्या हातची कला नाही.

निर्णय करायला वेळच मिळाला नाही. दार वाजलं. मरियमबीने परातीवर पटकन ताट झाकलं. सुरेश आत आला, जॅकेट अंगात नव्हतं. ते नसताना तो जरा लहानच दिसत होता. सोफ्यावर बसला. सुहासिनी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप धरून उभी राहिली.

"चाचा," तो म्हणाला, "तुम्ही इतकी वर्षं त्या थंडीत काढलीत. एकदा खरं सांगा. मेलं ना ते?"

झालं. आता काय करता? मी सुहासिनीकडे बघितलं.

मी घसा साफ केला आणि मला जे येतं तेच केलं, म्हणजे गोष्ट सांगितली. म्हटलं, सुरेश, ते मेलेलं नाही. ते निजलंय. वरची पानं गेली, पण खाली मातीत अकरा कांदे आहेत, दगडासारखे टणक, आणि तू ज्या पोत्यावर चढून थर्मामीटर टांगलंस ना, त्या पोत्यात त्याचीच भावंडं होती, चार टन. सात अंशांत ती सगळी खानदानासकट झोपतात. आता त्याला उन्हात ठेवून पाणी पाज. रमजान संपेपर्यंत हत्तीच्या कानाएवढी पानं येतील आणि तू ती खाशील. मी सगळं सांगितलं. एक अक्षर गाळलं नाही, आणि एक अक्षर पदरचं घातलं नाही. माझ्या आयुष्यात असं पहिल्यांदाच झालं आणि जिभेला फार विचित्र वाटलं.

सुरेश ऐकत होता. आधी मान वर झाली. मग ओठाच्या कडेला ते हसू आलं. गणपतीच्या कार्यक्रमात आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना माइक दिला की हे पगारदार लोक हसतात ते. समजून घेणारं.

"पोत्यात भावंडं," तो म्हणाला. "चाचा, हे अळू त्या अर्ध्या मिशीच्या पठाणाचं का?"

"तुझं आहे," मी म्हटलं.

त्याने माझ्या गुडघ्यावर थोपटलं. लहान मुलाला थोपटावं तसं. म्हणाला, माझं मन राखायला सांगताय, कळतंय मला, पण डेटा इज डेटा. शब्द म्हणजे शब्द. मग सुहासिनीला म्हणाला की शाळेला नोटीस देऊ नकोस. आणि गेला. तिने कप खाली ठेवला, बशी भरून चहा सांडला होता. माझ्याकडे तिने असं बघितलं की मला कळेना, ती आता माझ्या पाया पडणार की लाटणं घेणार. तिने परातीवरचं ताट काढलं आणि कांदे मोजून परत मातीत लावले.

बादली आमच्या बाल्कनीत राहिली. सुरेश आमच्या बाल्कनीत कधी येत नाही, तिथे माझं वाळत घातलेलं असतं.

तो शब्दाला जागला, हे मात्र म्हणायला हवं. कॅनडाचा विषय काढला नाही. पण गप्प बसेल तर सुरेश कसला? त्याने 'थंड हवामानातील कुंडीबाग: निष्कर्ष' नावाची बारा पानं तयार केली आणि तिथल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर पाठवली. अळू जगत नाही, प्रत्यक्ष प्रयोगाने सिद्ध. तिकडून अनन्या नावाच्या कुणा बाईने फोटो पाठवला. बर्फातलं घर, आणि आत खिडकीशी कुंडीत अळू, ही मोठी पानं. तिने लिहिलं होतं, आम्ही दरवर्षी कांदे काढून तळघरात ठेवतो, दादा. सुरेशने तिला उत्तर दिलं की तुमची व्हरायटी वेगळी असणार, आणि खाली तक्ता जोडला. हे त्याने मला वाचून दाखवलं. या लोकांना सायंटिफिक पद्धत माहीत नाही चाचा, म्हणाला.

ईदला तिघं जेवायला आली. सुरेश लग्नानंतर मासे खायला शिकलेला, आणि मरियमबी अळूत सुकी कोळंबी घालते. पहाटेच तिने बाल्कनीतून आठ पानं कापली होती, देठांसकट. सुहासिनी पानाकडे बघत जेवत होती. शुभ्रा म्हणाली, "धिस इज सो गुड, खाला," आणि सुरेशने पहिला घास घेतला आणि थांबला. मरियमबीचा डाव हवेत राहिला.

"अळू कुठलं?" त्याने विचारलं.

"तुझ्याच बादलीतलं," मी म्हटलं.

तो मनापासून हसला, ठसका लागेपर्यंत. सुहासिनीने त्याला पाणी दिलं.

"नाही चाचा," डोळे पुसत तो म्हणाला. "आमच्या अळूची गोष्टच वेगळी होती. हे चांगलं आहे, पण घशाला जरा खाजतं."

आणि वाटी पुढे केली. मरियमबीने ती काठोकाठ भरली.